साहेबांची खुर्ची

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमदारांचे जनसंपर्क कार्यालय आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले नरहरी देवपुजारी तेथे लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. त्यांचा एक नेम आहे. सरकारी कचेरीला फोन लावला, की ते आलेल्या माणसालाच आमदारांच्या खुर्चीत बसवतात आणि बोलायलाही त्यालाच लावतात. आपले दुःख आपल्याच मुखाने उच्चारले, तर त्या शब्दांना तेज चढते, अशी त्यांची श्रद्धा.

एका सकाळी बीरगांवच्या इंदूबाई आल्या. कारखान्याच्या खानावळीत जन्मभर भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. दुकानातले यंत्र अंगठा ओळखेना, म्हणून रेशनचा तांदूळ बंद झाला होता.

“भाऊ, मले नाही जमत त्या खुर्चीत!”

“काहून वो बाई? खुर्ची काय चावते?”

इंदूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. नरहरींनी रेशनच्या कचेरीला फोन लावून दिला. त्या तिथल्या अधिकाऱ्याशी चाचरत बोलू लागल्या, तोच दारात खुद्द आमदार उभे! त्या धडपडून उठू लागल्या. नरहरींनी त्यांना हातानेच थोपवले आणि आमदारांना नम्रपणे म्हणाले, “भैया, जरा रुकिए. दीदी बात कर रही हैं.”

आमदार हसून भिंतीशी उभे राहिले. ते पाहून इंदूबाईंचा स्वर स्थिरावला.

“साहब, अंगूठा घिस गया, भूख तो नहीं घिसी ना!”

पलीकडून उत्तर आले: उद्या दुकानात या, डोळ्यांवरून ओळख पटवून तांदूळ देऊ.

इंदूबाईंनी फोन ठेवला, पदराने खुर्ची हळुवार पुसली आणि म्हणाल्या, “बसा आता, साहेब.”