पाटावरचा आठवा खंड

"म्हंजे हा मी व्हय?" जळबानं मातीचं जनावर बायकोच्या नाकासमोर धरलं.

"तुमी काहून? तो घोरपा हाय," मिराबाई म्हणाली. "तिकडं घरोघरी पाळतात. दूध देत न्हाई, वझं वाहत न्हाई. दिवसभर खाटंवर पडून ऱ्हातो, आन् बाईनं जरा बूड टेकलं की चहा मागतो."

"आन् ह्या मिशा?"

"जातच तशी हाय त्याची."

चुलीपुढं सून निता तोंडात पदर कोंबून हसू दाबत होती.

उद्या पोळा. ट्रॅक्टर आल्यापासून जळबाच्या गोठ्यात बैल नव्हते, म्हणून पाटावर मातीचे बैल मांडून पूजा व्हायची. ते मिराबाईच करायची, आणि उरलेल्या मातीतून आपल्या मनातल्या खंडातली जनावरं करून त्यांच्या शेजारी बसवायची. दरवर्षी जळबा ती पूजेआधी उकिरड्यावर नेऊन टाकायचा. एकदा तरी त्यांची पूजा व्हावी, एवढीच तिची हौस होती.

हा खंड तिला माहेरी, पुसेगावच्या शाळेत सापडला होता. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात समुद्रावर एक तपकिरी डाग होता. गुरुजींनी खंड मोजायला लावले, तर हिचा एक जास्तच भरला. ती पावसाची ओल आहे, असं गुरुजी म्हणाले. मिराबाईनं मान डोलावली, पण खंड काही सोडला नाही. पुढे लग्न होऊन गोरेगावला आल्यावर भाकरी थापता थापता तिनं तिथं जनावरं वसवली. तिथलं कानपाखरू लेकीचा निरोप माहेरी बरोबर पोचवायचं आणि सासूचा वाटेत विसरायचं. चुगलमांजराला खोटं बोलणाऱ्याच्या मांडीवरच झोप लागायची, त्यामुळे तिथले पुढारी उभ्यानंच भाषण करत. नांगऱ्या दिवसभर नांगर ओढायचा, पण धन्यानं आदल्या रात्री स्वतःचं ताट धुतलं असेल तरच. शेतात निंदायला जाताना बायका विचारायच्या, "मिराबाई, घोरपा उठला का?" आणि जळबाच्या घराकडे बघून फिदीफिदी हसायच्या.

"बैलाच्या पंगतीत हे सोंग बसणार न्हाई," जळबा म्हणाला. "बैलाचे खांदे हळदीनं मळले की उचलतो समदं."

तेवढ्यात लाइट गेली.

"दिवा लावते, थांबा," मिराबाई म्हणाली.

"काही नको. इतक्या वर्षांचा हात हाय माझा."

तो रागारागानं पाटापुढं बसला. तुपात कालवलेली हळद बोटानं एकेका खांद्याला चोळत, बापजाद्यांपासून चालत आलेलं आवतण देत गेला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." हात सवयीनं पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

लाइट आली. कानपाखराच्या पंखाला हळद, चुगलमांजराच्या पाठीला हळद. घोरप्याच्या तर मिशासुद्धा पिवळ्या.

"मामा," निता हळूच म्हणाली, "समद्यायलाच आवतण गेलं की."

"चुकून गेलं. वापस घेतो."

"घ्या की," मिराबाई म्हणाली. "सणाचं आवतण देऊन उपाशी धाडायचं, तुमच्या घराण्यात चालत असंल तर घ्या. माझ्या माहेरी न्हाई चालत."

घराण्याचं नाव निघालं तसा जळबानं हळदीचा हात पाटाच्या कडेला पुसला. त्यानं घोरपा उचलून उलटासुलटा केला आणि होता तिथं ठेवून दिला आणि सुनेकडं वळला.

"निता, उद्या डाळ वाढीव शिजू घाल. पाटावरचे समदे जेवतील. मंग माणसं."