कडेचे आकडे

पुण्याला असताना माझं काम एवढंच होतं, की महासंगणकावर चालणारं हवामानाचं गणित लवकर संपवायचं. उद्याचा पाऊस परवा कळून कुणाचं भलं होत नाही. नकाशाचे शेकडो तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा, म्हणजे सगळे एकदम राबतात. पण ढग काही तुकडे बघून चालत नाही. म्हणून गणिताच्या दर पावलाला, म्हणजे हवा थोडी पुढे सरकवली की दरवेळी, प्रत्येकाने आपल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवायचे असतात, आणि ते येईपर्यंत शेजारी हात बांधून बसतो. अर्धा वेळ या बसण्यातच जायचा. मला ते बघवत नसे.

गावी, गोव्यात इब्रामपूरला, आमच्या शेतातलं पाणी सोडायचं तर बाबा आधी बांधाच्या मेरेपलीकडच्या काकीला हाक मारून सांगत, कारण ते तिच्याच भातात उतरायचं. हे बघत मी वाढलो. तरीही कडेचे आकडे दर पावलाऐवजी चार पावलांनी एकदा पाठवायचं मी ठरवलं. गणित झपाट्याने संपू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी शेफारलो.

त्याच ऑक्टोबरात दादाचा फोन आला. आमच्याकडे कापणीला सगळे एकमेकांच्या शेतात उतरतात, आणि काकी एकटी म्हणून सुरुवात नेहमी तिच्यापासून. रेडिओवर गडगडाटी पाऊस सांगितला होता, पण दादाला रेडिओपेक्षा भाऊ मोठा.

"पाऊस नाय मा? कापूक घेवया?"

माझ्यासमोर माझ्याच चाचणीचा नकाशा होता. पेडणे, डिचोली कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, घ्या.

काकीचं भात कापून शेतात आडवं पडलं, आणि दुपारनंतर घाटाकडून पाऊस आला तो तीन दिवस हटला नाही. लोंब्यांना कोंब फुटले. मी गणित उलगडून पाहिलं. घाटावर ढग होताच; आमच्या गावाच्या पूर्वेला दोन तुकड्यांची शीव होती, तिथे तो विरला होता, कारण अलीकडच्या तुकड्याला त्याची खबर शिळी मिळत होती. यंत्राने सांगितलं तसं केलं होतं. लाज वाटायची ती मला वाटली.

मी देवाणघेवाण पुन्हा दर पावलाला सुरू केली. शेजाऱ्याचे आकडे वाटेत असताना प्रत्येकाने आपल्या तुकड्याच्या आतला भाग उरकायचा आणि कड शेवटी करायची, असा नवा क्रम लावला. वेळ जवळजवळ चार पावलांच्या युक्तीइतकाच कमी लागला. हे आधी सुचायला काय झालं होतं, कोण जाणे.

मे महिन्यात घरी गेलो तर पानात म्हापशाच्या दुकानातल्या तांदळाचा भात. वहिनीला विचारलं तेव्हा कळलं, दादाने आमचं अर्धं भात काकीच्या घरी नेऊन टाकलं होतं.

पुढच्या कापणीला दादाचा फोन पुन्हा आला. मी तीनतीनदा तपासून सांगितलं, चार दिवस कोरडे आहेत. तो बरं म्हणाला. काकीच्या शेतात उद्या किती जण उतरणार, असं मी सहज विचारलं.

"यंदा आमचां पयलां कापतंव," दादा म्हणाला. "भिजलां तर आमचां भिजांदे."

चारही दिवस कडक ऊन पडलं. काकीचं भात पाचव्या दिवशी कापलं. त्या दिवशी पाऊस आहे का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.