बूट काढून मक्यात उतरणारा

धान्यात माणूस बुडतो, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं आहे का? पाण्यात बुडतो तसाच, दिवसाढवळ्या, चार लोकांच्या देखत? डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून तांदळाची पोती गाडीत घालून आणणाऱ्या आणि ताटात अन्न टाकलं म्हणून मुलांना रागावणाऱ्या अमेरिकेतल्या माझ्या मराठी वाचकांनो, मी तुम्हालाच विचारते आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विदर्भात शेतीशास्त्राची पदवी घेतली, मग इलिनॉयमध्ये मातीवर संशोधन करायला आले, तरीही मला हे ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाजवळ राहायचं सोडून मी एका जर्मन शेतकऱ्याच्या घरात वरची खोली घेतली होती, कारण माझे मातीचे नमुने त्याच्याच शेतातून यायचे. विद्यापीठातल्या आम्हा मराठी मुलांपैकी एक पुण्याचा मुलगा मेकॅनिकलमध्ये होता. तो मला पहिल्यांदा तिथे सोडायला आला आणि गाडीतून न उतरताच म्हणाला, "अगं यार, इथे मेलीस तर कुणाला कळायचं पण नाही. आपल्या अपार्टमेंटमध्ये एक बेड रिकामा आहे, अजून विचार कर." मी विचार केला नाही. शेतकरी दारातच उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, उंच, कान लाल, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू मी उशिरा आले आहे.

मी त्याला काका म्हणायला लागले. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला.

"मी कुणाचा भाऊ नव्हतो," तो म्हणाला. "काका कसा होईन?"

"आमच्याकडे त्याची गरज नसते."

"सोयीचं आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर शेजाऱ्याला स्वतःच सांगू लागला, "काका बोलतोय."

त्याचं गाव जर्मनीच्या उत्तरेला, सपाट, ओल्या जमिनीचं. महायुद्ध संपलं तेव्हा तो पंधराच्या आसपास होता. वडील परत आले नाहीत. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी वडील युनियनची पत्रकं छापायचे आणि मी मुळाक्षरं त्या ओल्या शाईतच गिरवली. त्यामुळे असल्या ठिकाणी मला गप्प बसता येत नाही. मी सरळ विचारलं, "तुमचे वडील कुणाच्या बाजूने लढले?"

"चुकीच्या," तो म्हणाला. "आई त्यांच्यासाठी रडायचीही आणि त्यांना शिव्याही द्यायची. मी दोन्ही करत नाही. बटाटे सोल."

त्याने खरं काय सांगितलं असेल तर ते भुकेबद्दल. लढाईनंतरच्या वर्षांत तो आणि आई दुसऱ्यांच्या शेतात कापणीनंतर जायचे, पडलेली कणसं वेचायचे आणि घरी कॉफीच्या चक्कीत दळायचे. शेताचा मालक आधी दांताळं फिरवून घ्यायचा, मग यांना आत सोडायचा. दांताळ्यातून सुटेल ते यांचं. पुढे तो जहाजाने अमेरिकेत आला, दुसऱ्यांच्या शेतांवर राबला, लग्न केलं, स्वतःचं शेत केलं. बायको वारली. मुलगी टेक्सासमध्ये प्लेनोला राहायची आणि दर रविवारी फोनवर त्याला तिकडे बोलवायची. तो तिला तिथे पाऊस पडला का ते विचारायचा आणि फोन ठेवायचा.

घराच्या मागे त्याची धान्याची टाकी होती. आपल्या कणगीचाच अवतार, पण पन्हाळी पत्र्याचा, गोल आणि दुमजली घराएवढा. तिथे तिला बिन म्हणतात. तळाशी एक फिरता स्क्रू असतो, ऑगर. मोटर चालू केली की तो मका खालून ओढून बाहेर ट्रकमध्ये टाकतो. मका ओलसर असेल तर वर पापुद्रा धरतो, खाली पोकळी होते आणि धार बंद पडते. मग शेतकरी काय करतो? शिडीने वर चढतो, छपराच्या झडपेतून आत उतरतो, आणि मक्यावर उभा राहून काठीने तो पापुद्रा फोडतो. खाली ऑगर चालूच असतो, पायाखालचा मका ओढत. मोटर बंद करून परत चालू करायची म्हणजे दोनदा चढ-उतर, म्हणून कुणी बंद करत नाही. पंचक्रोशीत सगळे हेच करत होते. त्यांचे बाप हेच करत होते.

आत उतरताना इतरांच्या पायांत बूट असायचे. हा मात्र शिडीच्या पायथ्याशी बूट काढायचा, टाचेला टाच लावून नीट ठेवायचा आणि जाड लोकरी मोजे घालून वर चढायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी सगळे देव सोडले आहेत, उपास सोडले आहेत, पण धान्याला पाय लागला की माझा हात अजून कपाळाकडे जातो. ही सवय कुठल्याच पत्रकाने गेली नाही. आणि इथे अमेरिकेच्या मध्यभागी एक जर्मन माणूस आईने शिकवलं म्हणून धान्यावर बूट घालून चालत नव्हता.

शेजारी त्याला छळायचा. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस, तोही शेतकरीच. "आत चर्च आहे का रे?"

"पाव आहे," काका म्हणायचा.

"मका आहे! डुकरं खातात तो!"

"मग तू बूट काढायलाच हवेत. डुकरांच्या घरी पाहुण्यासारखं वाग."

त्या वर्षी पानगळीत पाऊस थांबलाच नाही. मका ओला भरला गेला. मार्चमध्ये तो बाहेर काढायला घेतला तेव्हा धार पुन्हा पुन्हा तुटत होती. त्या दिवशी मी वरच्या शेतातून नमुने घेऊन घराकडे येत होते, दुपार व्हायची होती. लांबूनच मोटरचा आवाज ऐकू आला. जवळ आले तर ट्रक काठोकाठ भरलेला आणि मका त्याच्या कडांवरून चिखलात सांडतोय. एक दाणा खाली पडला तर वाकून उचलणारा हा माणूस. मी त्याला हाक मारली. मग शिडीच्या पायथ्याशी बूट दिसले.

मी मोटर बंद केली आणि वर चढले.

तो छातीपर्यंत मक्यात होता. एक हात बाहेर, दुसरा आत. त्याच्या मागे भिंतीला चिकटलेला, बुरशीने घट्ट झालेला मका त्याच्या डोक्यापेक्षा उंच उभा होता, कड्यासारखा. तोंडावर पांढरी धूळ होती.

"बंद केलंस?" त्याने विचारलं.

"हो. हात द्या, काका."

"आत येऊ नकोस. दोघं अडकलो तर ट्रक कोण हलवेल?"

"ट्रक गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यात नको," तो म्हणाला, आणि थांबला, कारण बोलायला श्वास लागतो. श्वास सोडला की छाती जेवढी आत जाते तेवढ्या जागेत मका शिरतो, आणि ती जागा परत देत नाही. हे मी तिथे वरून पाहत होते. प्रत्येक वाक्यानंतर त्याची छाती थोडी कमी उचलली जात होती.

मी स्वयंपाकघरातून फोन केले. शेजारी आला. गावचे आग विझवणारे स्वयंसेवक आले, लवकर आले. त्यांना दोष देऊ नका, मी देत नाही. ते सगळे स्वतः शेतकरी होते, हातातलं काम टाकून धावत आले होते. त्यांच्या गाडीत पाण्याचे पाइप होते, कुऱ्हाडी होत्या, मोटारीचा पत्रा कापायची करवत होती. धान्यात अडकलेल्या माणसासाठी काय होतं? काहीच नव्हतं. ज्या गावात आगीपेक्षा मका जास्त आहे, त्या गावात काहीच नव्हतं.

आधी त्यांनी काखेतून दोर घातला आणि सहा-सात जणांनी वर ओढला. तेव्हा तो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. शेजारी झडपेतून ओणवा होऊन रडवेल्या आवाजात म्हणाला, "सहन कर रे, हट्टी जर्मना, येतोयस वर!"

"मी तुटेन," काका म्हणाला. "अर्धा वर येईन."

दोर सोडला. मग पत्रा कापायचं ठरलं, म्हणजे मका बाहेर वाहून जाईल आणि तो मोकळा होईल. स्वयंसेवकांचा प्रमुख म्हणाला, दाराच्या बाजूने कापू, तिकडे जागा आहे. एका बाजूने. कुणीच नाही म्हटलं नाही. मीही नाही. खाली करवत सुरू झाली आणि मी वर झडपेत पालथी पडून त्याच्याशी बोलत राहिले.

"वरच्या शेतातली माती सुकली का?" त्याने विचारलं.

"नाही अजून. हाताला चिकटते."

"मग नांगर घालू देऊ नकोस कुणाला."

"तुम्हीच सांगा त्यांना."

तो हसल्यासारखा झाला. मग जर्मनमध्ये काही बोलला, ते माझ्यासाठी नव्हतं.

मका बाहेर धावू लागला. त्याच्या छातीवरची पातळी खाली गेली, दुसरा हात सुटला, त्याने तो वर करून बोटं हलवली, आणि खाली माणसं ओरडली, आनंदाने. शेजाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच वेळी काकाच्या मागचा मक्याचा कडा, ज्याचा आधार आता वाहून गेला होता, सुटला. फार मोठा आवाजही झाला नाही. पोतं ओतावं तसा आवाज. नंतर तिथे फक्त मका होता, वर थोडी धूळ.

त्यांनी दुसऱ्या बाजूनेही कापलं. फावड्यांनी, हातांनी, टोप्यांनी मका उपसला. शेजाऱ्याच्या नखांतून रक्त येत होतं आणि तो सारखा म्हणत होता, "ऊठ. ऊठ ना रे." काका सापडला तेव्हा त्याच्या तोंडात मका होता. पायांत एकच मोजा उरला होता.

अंत्यविधीला मुलगी प्लेनोहून आली. चर्चमध्ये पाद्री म्हणाला, त्याला जे प्रिय होतं ते करताना त्याला मरण आलं. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. ज्या मुलाने भुकेपोटी दाणे वेचले, त्याचा घसा दाण्यांनीच बंद केला, आणि तुम्ही म्हणता प्रिय होतं? नंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. शेजारी कप धरून उभा होता, बोटांना पट्ट्या. म्हणाला, "काय करणार, मुली. शेती अशीच असते."

"ही शेती नाही. ही चूक आहे आणि तुम्ही ती पोरांना शिकवता."

"मी स्वतः किती वेळा उतरलोय, मोजलेलं नाही."

"आणि आता? आता उतराल?"

त्याने कप टेबलावर ठेवला. "माझाही मका ओला आहे," तो म्हणाला.

हे ऐकून मी जी हादरले, ती अजून सावरलेली नाही. मित्र गेला, नखं गेली, आणि तरी हा माणूस पुढच्या आठवड्यात शिडी चढणार होता, बूट घालून. आणि त्याला थांबवणारं कुणी नाही. कारखान्यात सुरक्षेची तपासणी होते. घरच्यांनी चालवलेल्या लहान शेताला त्यातून सूट आहे, आणि त्या सवलतीला इथे स्वातंत्र्य म्हणतात.

तो पुण्याचा मुलगा मला न्यायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. काही दिवसांनी तो इंजिनिअरिंगच्या लायब्ररीतून आला आणि म्हणाला, "यार, हे सगळं माहितीय लोकांना. ओढायचं नाही, माणसाभोवती फळ्या खोचून मका अडवायचा, पत्रा सगळ्या बाजूंनी सारखा कापायचा. आणि त्याच्याही आधी, मोटरच्या स्विचला एक लॉक. साधं लॉक, आणि चावी उतरणाऱ्याच्या खिशात. मी एका दुपारी ड्रॉ करून देतो." ते ज्ञान त्या शेतापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, शेल्फवर पडून होतं. शिडीपर्यंत ते कुणी नेलं नाही. आता तो ट्रॉय नावाच्या शहरात मोटारींच्या कंपनीत दारांची कुलुपं डिझाइन करतो.

तुमच्यातले अर्धे लोक इंजिनिअर आहेत. मी तुमच्याकडे शोक मागत नाही. तुमच्या शहरातून हायवेने अर्धा तास बाहेर गेलात की पत्र्याच्या गोल टाक्या दिसतात. या शनिवारी तिथल्या गावात गाडी थांबवा, स्वयंसेवकांच्या अग्निशमन केंद्रात जा आणि विचारा, मक्यात माणूस अडकला तर तुमच्याकडे काय आहे? ते गप्प बसले, तर निघून येऊ नका. फळ्या कशा खोचायच्या आणि पत्रा कसा कापायचा ते त्यांना कागदावर काढून द्या, आणि तो कागद भिंतीवर लागेपर्यंत तिथेच बसा.