कोऱ्या भिंतीवरचे दोन मासे

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते. अमावस्या, पिंपळ, सुनसान रस्ता... वाचून झाले की निवांत दूध तापवायला उठते, इतपतच माझा विश्वास. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. एखादीच्या अंगात आलं तर मी तिच्या साडीची किनार बघत बसणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं, आणि तेही रविवारी सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, लातूरच्या जुन्या वस्तीत, गावभागात.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला जायचं बंद झालं होतं, रोज कुठल्या तरी नव्या ऑफिसची पाटी लागत होती आणि गावाला मिरवायची हौस आली होती. पाणी तेवढं नव्हतं. पावसाने सलग दगा दिलेला. आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि बायका आदल्या दिवशीच घागरी रांगेत मांडून ठेवायच्या. मी जन्माने गावभागातलीच. नांदेडला चित्रकलेचा कोर्स करून परत आले होते आणि इथल्याच एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. वय सव्वीस.

नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात ‘आपलं गाव’ म्हणून चित्रांचं एक दालन होतं, ते हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. त्यांना गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेची चित्रं हवी होती. मी म्हटलं, गोलाई सगळ्यांनाच माहीत आहे, माहीत नसलेलं काढू. सोबतीला मराठीच्या कुलकर्णीबाई — माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ. दर रविवारी सकाळी आम्ही दोघी निघायचो.

ज्या गल्ल्यांत मी लंगडी खेळले त्या मी कधी बघितल्याच नव्हत्या! एका पिठाच्या गिरणीच्या चौकटीवर लाकडी पोपट निघाले, दोघांच्या चोचीत डाळिंब. सायकलच्या दुकानावर दगडात कोरलेली उर्दू अक्षरं, अर्धी चुन्यात बुडालेली. घोडे बांधायच्या दगडी कड्यांना लोकांनी धुणं वाळत घालायच्या दोऱ्या बांधलेल्या. गिरणीवाल्याला मी पोपट दाखवले तर तो स्टुलावर चढून बघतच राहिला. म्हणाला, चाळीस वर्षं या दारातून वाकून जातोय, वर बघायचं सुचलंच नाही. मग दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने स्टुलावर चढवलं.

चौथ्या रविवारी आम्ही आमच्याच गल्लीच्या टोकाला, मन्मथआप्पांच्या गोदामापाशी आलो. आप्पा अडत व्यापारी, साठीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. गोदामाच्या बाजूच्या बोळात एक कमान दिसली. दगडी, खांद्याइतक्या उंचीची. तिच्यावर समोरासमोर दोन मासे, उजव्याची शेपटी तुटलेली. आत उतरणाऱ्या पायऱ्या — पाच दिसत होत्या, पुढे अंधार. कुलकर्णीबाईंना कोपऱ्यावर कुणीतरी ओळखीचं भेटलं, त्या तिथेच थांबल्या. मी समोरच्या ओट्यावर बसून काढायला घेतलं. पाऊण तास तरी लागला असेल. दर रेघेला मान वर करून बघत होते, कारण माशांचे खवले फार नाजूक होते.

बाई आल्या, खांद्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, “सुमन, हे कुठलं काढलंस?”

“हे काय, समोरचं,” म्हणत मी मान वर केली.

समोर भिंत होती. चुन्याचा गिलावा, त्यावर बियाण्याची पुसट झालेली जाहिरात. बस्स. कमान नाही, मासे नाहीत, काही नाही.

भीती वाटली का? खरं सांगू, लाज वाटली. ऊन लागलं असेल म्हणून बाईंनी मला रसवंतीत नेऊन दोन ग्लास पाजले. मी कागद फाडायला काढला तर त्यांनी तो हिसकावून स्वतःच्या पिशवीत घातला. म्हणाल्या, फाडू नकोस, यातलं हेच सगळ्यात चांगलं आलंय. आणि मला न विचारता त्यांनी ते प्रदर्शनात लावलंसुद्धा. खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं — ‘कमान, गावभाग’.

प्रदर्शनात मन्मथआप्पा त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. मग मला बोलावून कमान कुठली ते विचारलं. खोटं काय सांगणार? बाई शेजारीच उभ्या होत्या. मी घडलं तसं सांगितलं. वाटलं, आता हे हसतील, उद्या अख्खा बाजार हसेल आणि शाळेत माझं नाव ‘कमानबाई’ पडेल.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की ते पाळण्यात असताना वडिलांनी गोदामाची जागा घेतली, तेव्हापासून भिंत अशीच आहे. पण त्या भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेली तुरीची पोती दरसाल ओल धरतात. या वर्षीही धरली होती... सगळं गाव कोरडं पडलेलं असताना.

“भिंत माझी हाय,” ते म्हणाले. “फोडून बघतो. न्हाई निघालं काही, तर पुन्हा गिलावा करू.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले तर बोळात ही गर्दी. मला परत फिरावंसं वाटलं, बाईंनी दंड धरून पुढे नेलं. गवंडीकाम करणारे रसूलमिस्त्री हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत होते. एका जागी थांबले, कान लावला.

“आप्पा, आतून पोकळ बोलायलंय.”

गिलाव्याचे पोपडे पडायला लागले. आधी कमानीचा एक दगड दिसला, मग दुसरा. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने वरची धूळ पुसली आणि खवले चमकले. डावा मासा अख्खा. उजव्याची शेपटी तुटलेली. बाईंनी प्रदर्शनातून उतरवून आणलेलं चित्र पिशवीतून काढून शेजारी धरलं. रसूलमिस्त्रींनी एकदा चित्राकडे, एकदा दगडाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

खाली पायऱ्यांची छोटी बारव होती, दगडामातीने बुजवलेली. आठ दिवस गल्ली उपसत होती. घमेली हातोहात वर, वरून बैलगाडीत. गिरणीवाला गिरणी बंद करून आला. मीही सुट्टीच्या दिवशी पदर खोचून साखळीत उभी राहिले. आठव्या दिवशी दुपारी खालून मिस्त्रींचा आवाज आला — पाय भिजले म्हणून. पहिलं पाणी हिरवंगार होतं, ते उपसून टाकलं. तपासून घेतलं, औषध टाकलं. मग आलं ते गोड पाणी. पाऊस येईपर्यंत आमची गल्ली आणि शेजारच्या दोन गल्ल्या त्या पाण्यावर निघाल्या. टँकर आला तरी बायका दाराबाहेर येईनात. ड्रायव्हरच बिचारा भोंगा वाजवून विचारायचा, हाय का घरात कोणी?

माझा भाऊ तेव्हा विष्णुपुरीला धरणाच्या कामावर ओव्हरसियर होता. त्याचं म्हणणं, लहानपणी कुणाकडून तरी ऐकलं असशील, मनात राहिलं असेल. पण कुणाकडून? आप्पांनाच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही नव्हतं. आणि तुटलेली शेपटी? आम्ही दोघांनी दोन दिवाळ्या यावर वाद घातला. मग त्याने विषय काढायचं सोडलं.

एक गंमत मात्र झाली. दुसऱ्या गल्ल्यांतले लोक मला चहाला बोलवायला लागले. चहा, पोहे, आणि मग हळूच — बाई, जरा आमच्या भिंतीपुढं बसता का कागद घेऊन? रेणापूरहूनसुद्धा एक गृहस्थ गाडी घेऊन आले होते. नाही कसं म्हणणार, मी बसले. अकरा भिंती काढल्या. भिंतीच निघाल्या. एकीवर मांजर होतं, तेवढं छान आलं.

परत तसं कधी काही दिसलं नाही. डोळे तपासले, चष्मा लागला, रिटायर झाले. कुलकर्णीबाई गेल्या, चित्र त्यांच्या मुलीकडे आहे. हे असं का झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण ऊन लागलं होतं एवढं म्हणू नका. उन्हाने डोकं फिरतं, माशाची शेपटी मोडत नाही.

प्रदर्शनानंतर आप्पांनी मला त्याबद्दल एकदाच विचारलं. पहिला पाऊस होऊन गेला होता, आम्ही बारवेच्या कठड्यापाशी उभे होतो.

“बाई, त्या दिवशी तुम्ही काय बघून काढायलता?”

“कमान, आप्पा. समोर होती.”

त्यांनी खालच्या पाण्याकडे बघितलं, मान डोलावली.

“व्हय. होती की,” म्हणाले, आणि दुकानाकडे निघाले.