मंगेशच्या मनगटावरचे वळ

सीमेवरच्या त्या पोस्टवर मी नर्सिंग असिस्टंट म्हणून गेलो तेव्हा हवालदार होतो. पोस्टचं नाव आणि उंची लिहीत नाही. बर्फ बारा महिने असायचा, एवढं पुरे. मी नांदगाव खंडेश्वरचा, बायको अकोल्याची. पोस्टिंग कळल्यावर ती म्हणाली, अकोल्याचा मे महिना डब्यात भरता आला असता तर सोबत दिला असता.

भाषणाला बोलावतात तेव्हा लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. मी चरबीवर बोलायला लागलो की संयोजकांचं तोंड उतरतं. माझा नाइलाज आहे. माझ्या हातातून जो जवान गेला तो गोळीने गेला नाही.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. सकाळी वायरलेस सेटवर खाली बेसला रिपोर्ट, मग हिमदंशासाठी प्रत्येकाच्या हातापायांची बोटं तपासायची, मग जेवणावरून भांडण. उंचीवर भूक मरते. थंडीत ऊब धरायला शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं, आणि माणूस मात्र लोण्याचा टिन बघून तोंड फिरवतो. धडधाकट पोरांची गालफडं बसलेली बघून मला संताप यायचा. मी प्रत्येकाच्या डोक्यावर उभा राहून खायला लावायचो. माझ्या पाठीमागे मला सासूबाई म्हणत, हे मला ठाऊक होतं.

शिपाई मंगेश कुबडे पोस्टवरचा दुसरा वऱ्हाडी. वरूडचा, घरी संत्र्याची बाग. तगडा गडी, एका जागी बसणं त्याला माहीत नव्हतं. सुट्टीवरून येताना तो जवसाच्या तेलाची बाटली आणायचा आणि भातावर ओतून खायचा. आमचे मेडिकल ऑफिसर, एक तरुण कॅप्टन साहेब, पाहणीला वर आले तेव्हा त्यांनी ती बाटली उचलून धरली. शेजारी डालड्याचा डबा होता, दगड झालेला. जवसाचं तेल मात्र बाटलीत हलत होतं.

साहेबांनी तिथेच क्लास घेतला. म्हणाले, चरबीचा एक कण म्हणजे जवानांची एक छोटी तुकडी, एक सेक्शन समजा. ग्लिसरॉल हा सेक्शन कमांडर, त्याच्या हाताखाली फॅटी ॲसिडचे तीन जवान, प्रत्येक जण म्हणजे एक लांब साखळी. डालड्यातल्या बहुतेक साखळ्या सरळ, त्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, म्हणून घट्ट. जवसातल्या साखळ्या वाकलेल्या, त्यांची रांग लागत नाही, म्हणून पातळ. शरीराला दोन्ही लागतात. प्रत्येक पेशीचं पटल चरबीचं, मेंदूचा मोठा भाग चरबीचा, नसांवरचं वेष्टन चरबीचं, फुप्फुसाचे फुगे मिटू नयेत म्हणून त्यांच्या आत लेप असतो तोही मुख्यतः चरबीचाच. जवसातली काही ॲसिड तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, खावीच लागतात. मंगेशने छाती फुगवून सगळ्यांकडे पाहिलं. त्यानंतर त्या बाटलीला मागणी वाढली आणि त्याला ती ट्रंकेत ठेवावी लागली.

पुढच्याच महिन्यात रॉकेलचा जेरीकॅन आणताना बर्फाची कड तुटली आणि मंगेश खाली घसरला. उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. आम्ही त्याला वर घेतलं, मी स्प्लिंट बांधली, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं. रक्त फार गेलं नव्हतं, नाडी चांगली होती. हवामान बंद, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. त्या दिवशी तो चहा प्यायला आणि लंगडा झालो तर लग्नाचं कसं होईल यावर सगळ्यांना हसवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्याला चैन पडेना. मान इकडून तिकडे, हात सारखे हलते. आधी वाटलं, दुखत असेल. कोणी म्हणालं, घरची आठवण आली असेल. मग श्वास जलद झाला, ऑक्सिजनचा मास्क त्याने ओढून फेकला आणि मोडक्या पायाने उठू लागला. मला तो ओळखेना. मी घाबरलो होतो. सेटवर खाली कॅप्टन साहेबांना सगळं सांगितलं.

"तायडे, बगल देखो. छाती भी."

मी त्याचे कपडे उघडले. काखेत आणि छातीवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके होते.

"लाल दाने हैं, सर."

"दबाने से जाते हैं?"

"नहीं, सर."



"फॅट एम्बोलिझम है. ऑक्सिजन मत हटने देना. किसी भी हालत में. ओव्हर."

मास्क राहिला तर मंगेश वाचण्याची आशा होती, आणि मंगेश मास्क राहू देत नव्हता. दोघांनी त्याचे हात धरले. त्याने दोघांनाही उडवलं. मग मी त्याच्या मनगटांना कापूस गुंडाळला, वरून क्रेप बँडेज घेतलं आणि हात स्ट्रेचरला बांधले. तो रात्रभर सुटायला झटत राहिला. पहाटे ढग फाटले आणि हेलिकॉप्टर आलं. त्यात माझ्यासाठी जागा नव्हती. संध्याकाळी सेटवर निरोप आला की मंगेश हॉस्पिटलमध्ये वारला. मी निरोप ऐकला, रॉजर म्हणालो आणि उरलेल्यांची बोटं तपासायला गेलो.

नायब सुभेदार होऊन मी रिटायर झालो आणि अमरावतीत घर केलं. एकदा कँटीनच्या रांगेत वरूडचा एक माजी सैनिक भेटला. मंगेशचं नाव निघालं तसा त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, त्याचे वडील गावभर सांगतात, फौजेनं माझ्या पोराला बांधून मारलं. शाळेत झेंड्याला बोलावतात तर जात नाहीत. मुलाच्या फोटोला हार घालू देत नाहीत.

मी सामान तसंच ठेवून घरी आलो. दिवसभर अंगणात येरझारा घातल्या. बायको म्हणाली, एकतर बसा, नाहीतर जा. दुसऱ्या सकाळी मोर्शीमार्गे वरूडची एसटी धरली.

मंगेशचे वडील रामदास कुबडे बागेत संत्र्यांच्या ढिगाजवळ बसून माल निवडत होते. गळ्यात दुपट्टा. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही. त्यांचे हात थांबले नाहीत, फक्त चांगली संत्री डागी मालात पडू लागली.

"एवढ्या वर्सांनी काहून आले?"

"तुमी काय म्हनता ते काल कानावर आलं, काका. मलमपट्टीचं काम माह्याकडं होतं."

"मंग सांगा. पाय मोडल्यानं मानूस मरते का?"

मग ते स्वतःच बोलत राहिले. फौजेच्या पत्रात नुसतं दुखापतीनंतरची गुंतागुंत असं लिहिलं होतं. शवपेटी घेऊन आलेले जवान ती उघडू नका म्हणत होते, तरी त्यांनी उघडायला लावली आणि ओल्या फडक्याने पोराला पुसलं. छातीवर सुया टोचल्यासारखे डाग होते आणि दोन्ही मनगटांवर काळे वळ. एवढं पाहिल्यावर कोणत्या बापाने हार घालावा, असं त्यांनी मला विचारलं.

"त्याले बांधलं कोनं?"

"म्या."

ते उठून उभे राहिले. हातातलं संत्रं त्यांनी एवढं दाबलं की रस मनगटावरून ओघळला. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर मी खाल्लं असतं. पण मला सांगायचं होतं, आणि मी सांगू लागलो.

मटणाची नळी खाता ना, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणालो, त्या नळीत जो मगज असतो तशीच चरबी माणसाच्या मांडीच्या हाडात असते. हाड मोडलं, आतल्या शिरा फाटल्या, आणि तीच चरबी थेंबाथेंबाने रक्तात शिरली. फुप्फुसातल्या केसाएवढ्या नळ्यांत अडकली. तिथे तिच्या साखळ्या सुट्या झाल्या. एकत्र बांधलेल्या असतात तोवर त्या कोणाचं वाकडं करत नाहीत, सुट्या झाल्या की फुप्फुस जाळतात. काही थेंब पुढे मेंदूत गेले, म्हणून तो स्वतःचा राहिला नाही. छातीचे डाग सुयांचे नव्हते, त्याच रोगाचे होते. त्या रोगात रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी होतात, साधं दाबलं तरी अंग काळं पडतं. म्हणून कापूस लावूनही वळ उठले. मास्क राहावा म्हणून बांधलं, त्याला मारायला नाही.



"सुटाले झटत होता का तो?"

"रातभर. दोघा जवानाइले उडवलं त्यानं."

"मंग गुमान नाई सोसलं."

"नाई, काका."

ते खाली बसले. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं कशाने जळत होता. पोराला मारलं याने तर होतंच, पण त्यांचा मंगेश हात पुढे करून गुमान बांधून घेतो, हे चित्र त्यांना सोडत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून माझ्याकडे दिला आणि दोन्ही मनगटं पुढे केली.

"कसं बांधलं, दाखवा."

मी नको म्हटलं. ते हात तसेच धरून राहिले. मग मी माझा रुमाल त्यांच्या मनगटांना गुंडाळला, वरून दुपट्ट्याचे वेढे दिले आणि आत दोन बोटं जातात का ते पाहिलं. मंगेशलाही तसंच पाहिलं होतं. दुपट्ट्याचं टोक झाडाच्या बुंध्याला बांधलं. त्यांनी जोरात ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, मान एका बाजूला वळवून तिसऱ्यांदा ओढलं. गाठ सुटली नाही आणि त्यांना लागलंही नाही.

"सोडू का, काका?"

"राहू द्या थोडा येळ."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसून राहिलो.