शाळेमागचा डोंगर

शाळेत नोकरी केली की किस्से आपोआप साठतात, डस्टरमध्ये खडू साठावा तसे. आपटलं की उडतात. आमच्या दौंडच्या शाळेतले निम्मे तरी एकट्या शेवंताबाईंचे!

बाई मराठी शिकवायच्या आणि पुण्याच्या एका मासिकात रानावनावर लिहायच्या. गाव भीमाशंकरच्या डोंगरातलं. नेमणूक मात्र आमच्या सपाट दौंडात, कोळशाच्या इंजिनांच्या धुरात. ऑफ तासालाही खुर्चीत टिकायच्या नाहीत. खिडकीशी जायच्या, बाहेर डोंगर नाही हे पाहून परत यायच्या. मी गणिताचा मास्तर, मला त्या येरझाऱ्यांनी गरगरायचं. दर वर्षी त्यांचा बदलीचा अर्ज ठरलेला.

*

एकदा कडक ऊन, दौंडात पावसाचा थेंब नाही आणि भीमा एकाएकी गढूळ होऊन फुगली. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. हेडसरांनी कारण विचारलं.

"गावाकडचं पाणी आलंय सर. भेटून येते."

सरांनी रजा दिली.

*

त्यांनी पाचवीला डोंगराचं चित्र काढायला लावलं. पोरं सगळी रेल्वे कॉलनीतली. प्रत्येकाचा डोंगर काळा आणि वरून धूर निघतोय.

"असा डोंगर कुठं पाहिलात रे?"

"लोकोशेडच्या मागं हाय की बाई. राखेचा. रोज वाढतुया."

स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. बाई खिडकीशी गेल्या.

*

हेडसर एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या लेखात सारखी करवंदं आणि धुकं. कधी दौंडवर लिहा की."

"लिहीन ना सर. आधी इथून सुटू तर द्या!"

*

आणि एकदाची बदली मंजूर झाली. पोरांनी विचारलं, "बाई, का चाललाय?"

"इथं डोंगर नाही रे," बाई बोलून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून पोरांची दप्तरं जड झाली. बघता बघता शाळेमागं कमरेएवढा दगडांचा ढीग उभा राहिला. आम्हाला वाटलं, काही बांधकाम निघालं असेल. मग रेल्वेचे मुकादम तणतणत आले. सायडिंगला उतरवलेली रुळाची खडी कमी होत होती.

"आन् ह्ये काय हाय?" ढिगाकडं बोट दाखवत त्यांनी विचारलं.

"बाईंचा डोंगुर," पोरं म्हणाली.

बाई बाहेर आल्या. चपला काढून ढिगावर चढायला लागल्या. पायाखालची खडी घसरत होती, तरी चढल्या आणि वर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना एका जागी स्थिर उभं मी तेव्हाच पाहिलं.

मुकादमांनी आवाज उतरवला. "बाई, रेल्वेचा माल हाय ह्यो. न्यायला कवा येऊ?"

"आणि बदलीचं काय कळवू?" हेडसरांनी विचारलं.

बाईंनी दोघांना एकच उत्तर दिलं.

"ह्याच्यावर गवत उगवू दे. मग बघू."