चुंबळीवरची मखमल

सीटवाले चाचा चिडले की आवाज चढवत नसत. हातातली वस्तू जमिनीवर ठेवायचे आणि तिच्यावर सरळ बसायचे. मोडली की म्हणायचे, "झाली तपासनी." आमच्या शाळेत पहिल्याच तासाला त्यांनी मुलींच्या नऊ पुठ्ठ्याच्या फुलदाण्या अशा तपासल्या. त्या फुलदाण्या मी करवून घेतल्या होत्या. कार्यानुभवाची बाई मीच.

मांजरसुंब्याच्या चौकात त्यांचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं. हेडमास्तरांनी गळ घातली म्हणून ते आठवड्यातून एकदा शाळेत शिकवायला यायचे. आणि मी कोण? कडक इस्त्रीची साडी नेसून, रेक्झिनचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावणारी महामाया. आज ती बाई समोर आली तर तिचा रुमाल तिच्याच तोंडात कोंबीन.

ड्रायव्हरला नव्या सीटवर तासभर बसवल्याशिवाय चाचा ती ट्रकला लावत नसत. चहा पाजत, गप्पा मारत, पण उठू देत नसत. "तोंड खोटं बोलतंय बाई, ढुंगन न्हाई," हे त्यांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी पाय आपटत बाहेर गेले होते. आता तेच वाक्य मी नातवंडांना ऐकवते. परवा नातीने शाळेसाठी विकत आणलेला थर्माकोलचा बंगला मी चाचांच्याच पद्धतीने तपासला. घरात अबोला चालू आहे.

त्यांचा पहिला गृहपाठ असा: घरातलं कोणी ज्या वस्तूवर रोज चिडतं, ती आणा. "जिथं राग, तिथं काम हाय." आठवीतल्या संगीताने आईची चुंबळ आणली. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायचा जुन्या लुगड्याचा पिळा, बस. आई दरवर्षी ऊसतोडीला जायची. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. चुंबळ सरकायची आणि पाचट मान कापायचं.

मुली कात्र्या घेऊन धावल्या. चाचांनी हातातून काढून घेतल्या. "आधी आईला इचारा. कुठं टोचतंय, कुठं सरकतंय. मग कागद, मग कात्री." कागदावर आकृती झाली, चुंबळ झाली. मग वस्तीवरच्या बाया तिच्यावर कडब्याची पेंढी घेऊन विहिरीपर्यंत जाऊन येत आणि जे बोलत ते मुली वहीत जसंच्या तसं लिहीत. पहिलीबद्दल लिहिलं, 'डोकं शिजतंय.' दुसरीबद्दल, 'दगुड बांधला का गं?' तिसरीत ट्यूबच्या रबराची कडी, वरून गोणपाट आणि मागे मान झाकणारी झालर. दिसायला मेलेली घूस. पण संगीताच्या आईने ती डोक्यावर घेतली ती उतरवेचना.

"ही मला सीझनला पायजे, बाई. गाडी यायच्या आत द्या."

"देते की," मी म्हणाले.

मधेच प्रदर्शन आलं. घूस शिक्षणखात्याच्या साहेबांसमोर कशी ठेवायची? मी तिच्यावर लाल मखमल चढवली, सोनेरी लेस लावली. वहीही नवी केली, माझ्या वळणदार अक्षरात: 'सर्व महिलांना अतिशय आवडली.' साहेबांनी मखमलीवरून बोट फिरवलं आणि पहिला नंबर दिला. फोटोत मी मधोमध, संगीताचा नुसता कान.

चुंबळ काचेच्या कपाटात गेली. किल्ली माझ्याकडे. दिवाळीनंतर संगीता दाराशी आली. "बाई, गाडी आलीय. आई थांबलीय."

"अगं, चुंबळीला पुढच्या प्रदर्शनाला जायचंय. आई काय, दरवर्षी जातेच."

हे मी बोलले. याच तोंडाने.

त्या आठवड्यात चाचा कपाटासमोर उभे राहिले. "बाई, ही कुनाच्या डोक्यासाठी हाय?"

"शाळेची आहे ती."

"शाळेला डोकं हाय व्हय?"

त्यांनी गळ्यातली मापाची पट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि गेले. पुन्हा शाळेची पायरी चढले नाहीत. "बरं झालं, मुलींपुढे काहीबाही बोलायचा," असं मी हेडमास्तरांना सांगितलं. पुढच्या प्रदर्शनाचं बोलावणं तर आलंच नाही.

उन्हाळ्यात संगीताची आई शाळेत आली. मानेवर बोटभर लांब वण. मी मनात सबबी जुळवत होते, तर तिने हसून विचारलं, "बक्षीस मिळालं न्हवं, बाई?" टोमणा असता तर परतवला असता. तो टोमणा नव्हता. याचाच मला आजवर संताप येतो.

मी कपाट उघडलं, मखमल टराटरा फाडली आणि चुंबळ घेऊन मांजरसुंबा गाठलं. तिच्या दारी जायची छाती नव्हती, म्हणून आधी चाचांकडे. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "माझ्याकडं कावून आनली? जिची हाय तिच्याकडं जावा. आन् वही बी न्या, मुलींची जुनी. तुमची न्हाई."

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती जुनी वही माझ्या ट्रंकेत आहे. तिच्या शेवटच्या पानावर एकच ओळ माझ्या अक्षरात आहे. त्या दिवशी संगीताच्या आईने अंगणात पेंढी डोक्यावर घेतली, विहिरीपर्यंत जाऊन आली, आणि मी खाली बसून विचारलं, "काय लिहू?"

ती म्हणाली, "लिवा, चांगली हाय. पन मान कापल्यावर आली."